कलमाचा मिटता चाकू : कमान, कुलूप आणि पाते

फळझाडांची कलमे करणाऱ्या माणसाच्या हाती जी अवजारे असतात, त्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असे अवजार म्हणजे मिटता चाकू. खुंट कोणता निवडावा, डोळकाडी केव्हा काढावी, पट्टी कशी बांधावी, यांविषयी आपल्या मेळाव्यांतून पुष्कळ सांगितले जाते. चाकूविषयी मात्र ‘धारदार चाकू घ्यावा’ एवढ्या एका वाक्यावर भागविले जाते. मग तो चाकू बाजारात जो मिळेल तो घेतला जातो. कोणी भाजी चिरण्याचा घेतो, कोणी यात्रेतील दुकानात मांडलेला चकचकीत खटक्याचा घेतो, आणि कलम जगले नाही की दोष पावसाला दिला जातो.

गेल्या मोसमात आमच्या तालुक्यातील एका रोपवाटिकेत पाचर कलमासाठी खुंट चिरीत असता चाकू अचानक मिटला आणि कामगाराच्या दोन बोटांना हाडापर्यंत जखम झाली. कामगार नवखा नव्हता. पंधरा वर्षे तो हेच काम करीत आला होता. चाकूही बोथट नव्हता. परंतु त्या चाकूची रचना ज्या कामासाठी होती ते काम वेगळे, आणि त्याच्याकडून करून घेतले जात होते ते वेगळे. मिटत्या चाकूचे पाते उघडे कशामुळे राहते, हे त्या माणसास कोणी कधी सांगितलेच नव्हते. ग्रामसेवकांनी व बागायतदारांनी हा विषय एकदा नीट समजून घ्यावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

वस्तऱ्यापासून आरंभ

मिटत्या अवजाराची सर्वांत सोपी रचना प्रत्येक गावात पाहावयास मिळत असे. ती म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. दोन पट्ट्यांची मूठ, तिच्या एका टोकाशी आरपार बसविलेला एकच खिळा, आणि त्या खिळ्याभोवती फिरणारे पाते. वस्तऱ्यात कमान नाही, कुलूप नाही. पाते उघडे राहते ते केवळ खिळ्याच्या घट्टपणामुळे होणाऱ्या घर्षणाने आणि पात्याच्या मागे निघालेल्या शेपटीवर ठेवलेल्या बोटामुळे. बोट उचलले की वस्तरा ढिला पडतो. वापरणारा कारागीर हे जाणून असतो, म्हणून त्याचे बोट त्या शेपटीवरून हलत नाही.

मिटत्या चाकूची ही रचना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे हाडाच्या मुठीचा जो मिटता चाकू सापडला, तो इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ते ५०० वर्षांचा समजला जातो. रोमन लोकही असे चाकू जवळ बाळगीत. जपानात १८९० च्या दशकापासून मिकी या गावी ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू तयार होत आला आहे. त्याची मूठ म्हणजे एक पत्रा लांबीत दुमडून केलेली पन्हळ, आणि पात्याच्या मुळाशी वस्तऱ्यासारखीच एक लहान शेपटी. ती अंगठ्याने दाबली की पाते उघडते, आणि अंगठा तिच्यावर टेकलेला असेपर्यंत पाते उघडे राहते. शाळकरी मुले पेन्सिली तासण्यासाठी तो वापरीत. आपल्या गावचा कुशल लोहार असा चाकू एका दिवसात घडवू शकेल, इतका तो साधा आहे. दुरुस्तीही तितकीच सोपी. खिळा सैल झाला की त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन हलके ठोके मारले म्हणजे झाले.

जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ‘कलम’ हा शब्द लेखणीलाही लागू आहे आणि झाडाच्या कलमालाही. फारसीत लेखणी तासावयाच्या चाकूला ‘कलमतराश’ म्हणतात. बोरू तासणे काय किंवा आंब्याची काडी तासणे काय, दोन्ही ठिकाणी हाताला पाहिजे असते ती एकच गोष्ट : एका ओढीत सरळ, सपाट आणि न फाटलेला काप.

पाठीची कमान

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसविण्यास सुरुवात केली, आणि तेथून पुढे खिशातल्या चाकूचे स्वरूप पालटले. आज बाजारात मिळणारे बहुतेक डोळे भरावयाचे चाकू याच जातीचे आहेत. म्हणून ही रचना थोडी सविस्तर पाहू.

चाकू मिटलेला असता मुठीच्या पाठीवरून जी पोलादी पट्टी दिसते, ती कमान होय. तिचे मागील टोक व मध्य मुठीला खिळ्यांनी जखडलेले असतात. पुढील टोक मात्र मोकळे असून ते पात्याच्या मुळावर दाबून बसलेले असते. पात्याचे मूळ गोल नसून त्यास सपाट बाजू ठेवलेल्या असतात. पाते पूर्ण उघडले की एक सपाट बाजू कमानीखाली येते, पूर्ण मिटले की दुसरी. या दोहोंच्या मध्ये मुळाचा कोपरा असतो. पाते फिरविताना तो कोपरा कमानीला वर उचलतो, तेव्हा आपल्याला जोर लावावा लागतो. कोपरा ओलांडला की कमान खाली बसते आणि पाते ‘टक्’ असा आवाज करून आपल्या जागी जाते. काही चाकूंत मुळाला आणखी एक सपाट बाजू असते, त्यामुळे पाते काटकोनात येऊन मध्येच थांबते. हा मधला थांबा फार उपयोगाचा आहे. मिटताना पाते एकदम बोटावर न येता अर्ध्यावर अडते आणि बोटे बाजूला घ्यावयास वेळ मिळतो. नव्या कामगारासाठी चाकू घेताना मधला थांबा असलेलाच घ्यावा, असे माझे मत आहे.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात ठेवला पाहिजे. कमान हे कुलूप नव्हे. कमान पात्याला उघडे राहण्यास मदत करते, पण त्याला अडवून धरीत नाही. काडी कापताना जोर धारेच्या बाजूने येतो, तेव्हा पाते अधिकच उघडावयास पाहते आणि मुठीच्या थांब्यावर टेकते. तेथे भीती नाही. परंतु जोर पात्याच्या पाठीवर आला की कथा उलटते. समजा पाते ६ सेंटीमीटर लांब आहे आणि कमान खिळ्यापासून ५ मिलिमीटर अंतरावर मुळाला दाबते आहे. पात्याच्या टोकाशी पाठीच्या बाजूने १ किलो भार पडला, तर तो अडविण्यासाठी कमानीला खिळ्यापाशी १२ किलोंचा प्रतिभार द्यावा लागेल. पहारीने धोंडा उचलणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास हे गणित सांगावे लागणार नाही. येथे पहार म्हणजे पाते, आणि तिच्या आखूड टोकाशी बिचारी कमान!

आता पाचर कलम करताना काय होते ते पाहा. खुंटाचे डोके सपाट कापून मध्ये ४ ते ५ सेंटीमीटर खोल चीर द्यावयाची असते. चाकू वरून खाली रेटला जातो आणि लाकडात घट्ट बसतो. मग तो काढण्यासाठी कामगार पाते मागेपुढे डोलवितो आणि वर ओढतो. या डोलविण्यात व ओढण्यात जोर पात्याच्या पाठीवर येतो, आणि चीर मोकळी होताच पाते झपकन् बोटांवर मिटते. नाशिक, सांगली, सोलापूर भागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डॉगरिज खुंटावर द्राक्षाची कलमे भरली जातात, तेव्हा गुडघ्यावर बसून, जमिनीलगत, घाईने एकामागून एक शेकडो खुंट चिरले जातात. त्या कामाला केवळ कमानीचा चाकू वापरणे मला मान्य नाही. तेथे न मिटणारा, सरळ मुठीचा चाकू घ्यावा. मिटताच हवा असेल तर कुलूप असलेला घ्यावा. संत्र्या-मोसंबीचे डोळे भरण्याच्या कामात साल चिरावयाची असते, लाकूड नव्हे. तेथे कमानीचा चाकू पुरेसा आहे.

आंब्याच्या कोय कलमात खुंट आठ-पंधरा दिवसांचा, कोवळा, तांबूस पानांचा असतो. त्याची चीर सहज पडते. तेथे धोका कमी, पण काम नाजूक.

पात्याच्या पाठीलगत अर्धचंद्राकार खाच असते, ती नखासाठी. ती खाच खिळ्यापासून जितकी दूर, तितके पाते उघडणे सोपे. खाच खिळ्याच्या अगदी जवळ कोरलेली असेल तर कमान चांगली असूनही चाकू उघडताना नख तुटते, आणि मग माणसे दातांनी चाकू उघडू लागतात. ही सवय वाईट आहे. पावसाळ्यात हात ओले असताना नख घसरते. अशा वेळी पाते चिमटीत धरून उघडावे.

कुलुपांचे प्रकार

पात्याला खऱ्या अर्थाने अडवून धरणारी योजना म्हणजे कुलूप. याचे प्रकार अनेक असले तरी शेतीच्या कामी ज्यांचा विचार करावा असे तीन आहेत.

पहिला कड्याचा. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ प्रांतात जोसेफ ओपिनेल या अवजारे घडविणाऱ्या कारागिराच्या मुलाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ क्रमांकांची मापे ठरविली. आरंभी हा चाकू वस्तऱ्याप्रमाणे केवळ घर्षणावर उघडा राहत असे. १९५५ मध्ये त्यास फिरते पोलादी कडे बसविण्यात आले. कड्याला एका बाजूस फट असते. फट पात्यासमोर असली म्हणजे पाते उघडते व मिटते. कडे किंचित फिरविले की फट बाजूला जाते आणि कड्याचा भरीव भाग पात्याच्या वाटेत येतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून चाकू कुलूपबंद आहे की नाही हे समजते, ही या रचनेची मोठी सोय. चिखल गेला तर कडे धुता येते. दोष एकच, आणि तो आपल्या कोकणात जाणवण्याजोगा आहे : मूठ लाकडाची असल्याने पावसाळी हवेत ती फुगते आणि पाते खोबणीत आवळून बसते. साव्हॉयचे शेतकरी यावर चाकूच्या मुठीचे मागचे टोक टेबलावर किंवा दगडावर आपटतात. त्या हिसक्याने पाते थोडे बाहेर येते व बोटात धरता येते. मुठीला जवसाचे तेल दोन-तीनदा पाजून वाळविल्यास ही तक्रार पुष्कळ कमी होते.

दुसरा पाठीच्या दांडीचा. येथे कमानीच्या जागी मध्यभागी खिळ्यावर डोलणारी दांडी असते. पाते उघडताच दांडीच्या पुढील टोकाचा दात मुळातील खाचेत पडतो आणि पाते जखडले जाते. मिटविण्यासाठी दांडीचे मागील टोक दाबावे लागते. रचना जुनीच आहे. परंतु अमेरिकेत १९६४ मध्ये बक कंपनीचा शिकारीसाठीचा चाकू निघाल्यापासून ती सर्वत्र पसरली. हे कुलूप बळकट असते, उजव्या व डावखुऱ्या हातास सारखेच चालते, आणि मिटविताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. मात्र खाचेत माती, चीक किंवा सालीचा कपटा अडकला तर दात पूर्ण खाली बसत नाही. चाकू कुलूपबंद वाटतो, पण नसतो. अर्धे बसलेले कुलूप हे कुलूप नसण्यापेक्षा वाईट, कारण हात त्याच्यावर विश्वास टाकतो. रोज काम सुरू करण्यापूर्वी ती खाच बाभळीच्या काट्याने किंवा दात कोरण्याच्या काडीने साफ करावी.

तिसरा आतल्या पट्टीचा. मुठीच्या आतील दोन धातूच्या पट्ट्यांपैकी एक पट्टी लांबीत चिरून थोडी आत वाकविलेली असते. पाते उघडले की ती आपोआप सरकून पात्याच्या मुळामागे उभी राहते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मायकेल वॉकर या कारागिराने तिला आजचे स्वरूप दिले. हल्ली स्वस्त चाकूंत हीच रचना अधिक आढळते. चांगल्या कारखान्यात बनलेली असेल तर ती चांगली. परंतु पट्टी पातळ असेल किंवा मुळाच्या कडेवर जेमतेम टेकत असेल, तर पाठीवर ठोका बसताच निसटते. शिवाय मिटविण्यासाठी अंगठा आत घालून पट्टी बाजूला सारावी लागते, म्हणजे अंगठा काही क्षण पात्याच्या वाटेत असतो. कलमकामगारांना हा प्रकार सुचवावा असे मला वाटत नाही.

एका हाताने उघडणारे चाकू

आंब्याच्या जुन्या झाडाचे नूतनीकरण करताना माणूस शिडीवर असतो, एका हाताने फांदी धरलेली असते, आणि चाकू एकाच हाताने उघडावा लागतो. अशा वेळी पात्यावर अंगठ्यासाठी केलेली सोय उपयोगी पडते. ही सोय दोन प्रकारची : पात्याच्या मुळाजवळ बसविलेले लहान बोंड, किंवा पात्यालाच पाडलेले गोल भोक. भोकाची कल्पना अमेरिकेतील स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणली. बोंड कपड्यात अडकते. भोक अडकत नाही आणि ओल्या हातालाही पकड देते. मात्र शिडीवर चढताना चाकू मिटलेलाच असावा, हे वेगळे सांगावयास नको.

खटका दाबताच पाते उडून बाहेर येते, असे चाकूही असतात. त्यांत पात्याखाली दाबून ठेवलेली एक जादा कमान असते आणि खटका तिला मोकळी करतो. आपल्याकडे हा प्रकार हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकूच्या नावाने घरोघर पोहोचविला. उत्तर प्रदेशातील रामपूर शहराची ती जुनी कारागिरी. २०२३ मध्ये तेथील एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकूच उभा करण्यात आला आहे. अमेरिकेने १९५८ मध्ये व ब्रिटनने १९५९ मध्ये अशा चाकूंवर कायद्याने निर्बंध घातले. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठी बनविलेले चाकू त्यातून वगळले आहेत. कलमाचे पाते ५ ते ७ सेंटीमीटरचे, म्हणजे तीन इंचांच्या आतले असते. तरीही खटक्याचा चाकू शेतकऱ्याने घेऊ नये. तो खिशात आपोआप उघडण्याचा संभव असतो, चीक जाऊन त्याची कमान अडकते, आणि गावच्या लोहाराकडून ती दुरुस्त होत नाही. एक क्षण वाचविण्यासाठी एवढा खटाटोप कशाला!

पाते कसे असावे

उघडझाप कशीही असो, कलम जगते ते पात्याच्या कापावर. सालीच्या आत लगेच जो पातळ, ओलसर थर असतो, त्यास ऊतिकर म्हणतात. नव्या पेशी तेथेच तयार होतात. खुंटाचा ऊतिकर आणि काडीचा ऊतिकर एकमेकांस चिकटून राहिले तर कलम सांधते. काप खालीवर झाला तर मध्ये पोकळी राहते, तेथे पाणी किंवा हवा साचते, आणि कडा सुकतात. दोन-तीनदा तासून काप सरळ करण्याचा प्रयत्न केला तर तेवढ्या वेळात पृष्ठभाग वाळतो. म्हणून काप एका ओढीत झाला पाहिजे.

यासाठी कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार दिलेली असते. दुसरी बाजू तासणीच्या पात्यासारखी सपाट ठेवतात. कापताना सपाट बाजू काडीला लागून सरकते आणि तिच्याप्रमाणेच काप सपाट येतो. दोन्ही बाजूंनी धार दिलेले स्वयंपाकघरातील पाते लाकडात शिरताच पाचरीसारखे वर किंवा खाली वळते, म्हणून त्याचा काप वाटीसारखा खोलगट येतो. याच कारणाने डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताचा कलमचाकू चालत नाही. त्याच्या हातात सपाट बाजू उलटीकडे जाते. त्याच्यासाठी डाव्या हाताचा चाकू मागवावा. जर्मनीतील रॉयटलिंगेन येथील टिना कारखान्यासारखे जुने उत्पादक असे चाकू बनवितात. असा चाकू न मिळाल्यास लोहाराकडून धार उलट्या बाजूस करवून घ्यावी. डावखुऱ्या कामगाराला ‘हात बदल’ असे सांगणारे मुकादम मी पाहिले आहेत. त्यांनी आधी चाकू बदलावा.

डोळे भरण्याच्या चाकूस मुठीच्या दुसऱ्या टोकाशी हाडाची, पितळेची किंवा प्लॅस्टिकची चपटी जीभ असते. ती साल उचलण्यासाठी. काही चाकूंत जिभेऐवजी पात्याच्या पाठीवरच एक लहान उंचवटा ठेवलेला असतो. जीभ गुळगुळीत असावी. तिला खरबरीत कडा असल्यास सालीखालचा ऊतिकर खरवडला जातो आणि डोळा मरतो. पात्याच्या धारेने साल उचलू नये.

पोलाद साधे घ्यावे की न गंजणारे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. साध्या पोलादास तीक्ष्ण धार चटकन येते, पण आंब्याच्या चिकाने ते काळे पडते आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंजते. न गंजणाऱ्या पोलादास धार लावावयास थोडा अधिक वेळ लागतो. देशावर, कोरड्या हवेत, जो माणूस रोज चाकू पुसून तेल लावतो त्याने साधे घ्यावे. कोकणातल्या माणसास मी न गंजणारेच घ्यावयास सांगतो.

चाकूने पसरणारे रोग

चाकू मिटता असण्याचा एक तोटा क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. खिळ्याभोवती आणि कमानीखाली चीक, सालीचा भुगा व मातीचा लेप साचतो. पाते वरून पुसले तरी तो तसाच राहतो, आणि पुढच्या झाडावर जातो.

लिंबूवर्गीय झाडांत ‘एक्झोकॉर्टिस’ नावाचा रोग आहे. याचे कारण विषाणूहूनही लहान असा व्हायरॉइड. रोगट झाडाची डोळकाडी कापलेल्या पात्याने निरोगी झाड कापले की तो तिकडे जातो. रंगपूर लिंबाचा खुंट या रोगास बळी पडतो. खुंटाची साल तडकते व झाड खुजे राहते. जंबेरीच्या खुंटावर लक्षणे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे वरून निरोगी दिसणारे मातृवृक्षही रोग बाळगून असू शकतात. हा व्हायरॉइड चिवट आहे. पाते स्पिरिटमध्ये बुडविले किंवा ज्योतीवरून फिरविले तरी तो खात्रीने मरत नाही. सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणाने मात्र तो निष्क्रिय होतो. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोगही छाटणीच्या अवजारांतून पसरतो, आणि तेथेही हेच द्रावण कामी येते.

ज्या विरंजक द्रावात सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण ५ टक्के असेल, त्याच्या एका भागात चार भाग पाणी मिसळल्यास १ टक्का द्रावण तयार होते. ते रोज ताजे करावे. उन्हात ठेवल्यास त्याची शक्ती जाते. एका मातृवृक्षावरून दुसऱ्याकडे जाताना पाते आधी पुसून मग द्रावणात बुडवावे. दोन चाकू ठेवल्यास एक द्रावणात व एक हातात, असे आलटून पालटून काम होते आणि खोळंबा होत नाही. हे द्रावण पोलाद व पितळ खाते. म्हणून दुपारी व सायंकाळी चाकू स्वच्छ पाण्यात उघडझाप करीत धुवावा, वाळवावा आणि खिळ्यात शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडावा. सकाळी काम सुरू करताना पात्यावरचे तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे व पहिले दोन काप टाकाऊ काडीवर घ्यावेत. कापावर तेल लागल्यास सांधा धरत नाही.

मोठ्या रोपवाटिकेत, जेथे दिवसाला शेकडो डोळे भरले जातात, तेथे या एका कारणासाठी न मिटणारा चाकू अधिक चांगला. त्याला पोकळ जागाच नसते.

धार लावणे आणि खरेदी

एकतर्फी पात्यास धार लावताना उतरती बाजू तिच्या कोनात, साधारण १५ ते २० अंशांत, बारीक कणांच्या ओल्या निसण्यावर घासावी. काही वेळाने सपाट बाजूकडे धारेची अगदी बारीक कोर उलटलेली बोटाला जाणवते. मग पाते उलटून सपाट बाजू निसण्यावर पूर्ण टेकवून एक-दोनदाच फिरवावी. सपाट बाजू जराही उचलली तर तिकडेही धार तयार होते आणि कलमाच्या चाकूचा भाजीचा चाकू होतो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट दिशेने ओढावे. फिरत्या यंत्रावर धार लावून देणाऱ्याकडे हा चाकू देऊ नये; पाते तापून त्याचे पाणी उतरते. धार तपासावयाची तर त्याच फळझाडाची हिरवी काडी एका ओढीत तिरपी कापावी, कापावर पात्याची सपाट बाजू ठेवावी आणि उजेडासमोर धरावी. मधून उजेड दिसला नाही तर काम सुरू करण्यास हरकत नाही.

दुकानात चाकू घेताना तो उघडून पाते डावी-उजवीकडे हलवून पाहावे; हलत असल्यास तो नाकारावा. मिटल्यावर पाते खोबणीच्या मधोमध बसले पाहिजे आणि धार आतल्या कमानीवर आपटता कामा नये, अन्यथा प्रत्येक मिटण्याबरोबर धारेला खाच पडेल. कुलुपाचा चाकू असल्यास मुठीची बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवून पाठ लाकडी फळीवर बेताने दाबावी. कुलूप सरकले तर चाकू परत करावा, मग किंमत काहीही असो.

इतके करूनही बोट कापलेच, तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. मातीतले काम करणाऱ्याने ते उद्यावर टाकू नये.

मोसम संपल्यावर चाकू चामड्याच्या म्यानात ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडावी. चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादास गंज आणतात. पात्यास व कमानीस तेलाचा हात देऊन, कोरड्या सुती कापडात गुंडाळून, चाकू पत्र्याच्या डब्यात मिटलेल्या स्थितीत ठेवावा.